माझं आहे कढईत

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कढई आहे. दिल्लीत, मयूर विहारच्या एका फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहते. माझी गोष्ट मोठेपणाची नाही. ती सांगताना खाली गॅस नसतानाही माझे दोन्ही कान तापतात. तरी सांगते, कारण मी गप्प राहून कोणाचं भलं झालं नाही.

वाईच्या एका लोहाराने मला ठोकून घडवलं. विनयाच्या लग्नात तिच्या आईने स्टीलची चकचकीत भांडी वर मांडली आणि मला पोत्यात गुंडाळून खाली ठेवलं. माझ्या काळेपणाची लाज मला तेव्हापासूनची. विनयाचे यजमान श्रीरंग केंद्र सरकारच्या नोकरीत, म्हणून आम्ही आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये आलो. तिथे मला रोज काम होतं. भाजीत टोमॅटो किंवा आमसूल पडलं की माझं थोडं लोखंड तिच्यात उतरायचं आणि भाजी काळपट दिसायची.

विनया सगळ्यांना वाढून शेवटी बसायची. सुधन्वा आणि चेतना, तिची मुलं, कधीमधी विचारायची, "आई, तुझं?"

"माझं आहे कढईत," ती म्हणायची.

मग ओट्याजवळ उभ्याउभ्याच ती माझ्यात भात कालवायची. चेतना चिडवायची, "आई, कढईत जेवलं की लग्नात पाऊस पडतो!"

"माझ्या लग्नात पडून गेला गं. आता काय भीती?"

सगळे हसायचे. माझ्या तळाशी कधी चार फोडी असायच्या, कधी नुसतं तेल आणि मसाला. उरेल ते तिचं, असाच त्या घरातला हिशेब होता.

एकदा श्रीरंगच्या साहेबांच्या पत्नी जेवायला आल्या. वांग्याची भाजी पाहून त्यांनी हळूच विचारलं, "भाभीजी, ये जल गया क्या?" विनयाचा चेहरा उतरला. पाहुणे गेल्यावर श्रीरंग म्हणाला, "अगं, लाज गेली यार माझी." मी मोरीत पडून सगळं ऐकत होते. तेव्हा मला वाटलं, चूक माझीच आहे.

पुढे बाजारात परदेशी वस्तूंचा सुळसुळाट झाला. सोसायटीतला फ्लॅट मिळाला आणि आम्ही मयूर विहारला आलो. नव्या स्वयंपाकघरासाठी श्रीरंगने प्रगती मैदानच्या मेळ्यातून नॉनस्टिक कढई आणली. तिला काही म्हणजे काही चिकटत नसे. मला बाल्कनीत ठेवलं आणि माझ्यात कपड्यांचे चिमटे आले. पावसाने मला गंज चढला.

बाल्कनी स्वयंपाकघराला लागूनच होती. तिथून रोज ऐकू यायचं, "माझं आहे कढईत." आता ती दुसऱ्या कढईबद्दल बोलत होती, पण नाव माझंच होतं. नंतर तिचं जेवण ऐकूच यायचं नाही, फक्त चहा उकळल्याचा आवाज यायचा. चहाने तिची भूक मरायची. सकाळी दुधाच्या बूथवरून येताना ती खालच्या बाकावर बराच वेळ टेकायची. दुपारी पडून राहायची. सुधन्वा म्हणायचा, "आई, किती झोपतेस यार!" आणि ती ओशाळून उठायची. आजारी माणसालाच शरम वाटत होती, आणि घरात ती दुसऱ्या कोणालाच वाटत नव्हती.

एक दिवस ती दुधाची डोलची घेऊन जिन्यातच कोसळली. श्रीरंग तिला दवाखान्यात घेऊन गेला. परत आल्यावर तो मुलांना सांगू लागला, "हिमोग्लोबिन सहा निघालं. बारा तरी हवं."

"म्हणजे काय, बाबा?" चेतनाने विचारलं.

"रक्ताला लाल रंग देतं ते. श्वासातला ऑक्सिजन फुप्फुसांतून उचलून अंगभर पोचवतं. ते बनायला लोह लागतं. डॉक्टरांनी विचारलं, ये खाना ठीक से खाती हैं? मी म्हटलं, बिल्कुल, घर में कोई कमी नहीं." मग तो एकदम उत्साहाने म्हणाला, "आणि ते म्हणाले, लोहे की कढ़ाई में पकाइए. बघा! आपली कढई बाल्कनीत टाकली, तिथेच चुकलं!"

चिमटे काढून मला घासलं, तेल लावलं, पुन्हा गॅसवर चढवलं. येणाऱ्याजाणाऱ्याला श्रीरंग मला दाखवू लागला. "ही खरी डॉक्टर!" आयुष्यभर ज्या कौतुकाची मी वाट पाहिली ते आलं, आणि मला तोंड लपवावंसं वाटलं. विनया हळूहळू सावरत होती ती डॉक्टरांच्या गोळ्यांनी. माझं लोखंड त्यापुढे चिमूटभर. आणि ते तरी पोटात जायला भाजी पोटात जायला नको का? मला पुढे करून सगळे मोकळे झाले होते. ती मात्र अजून शेवटीच बसत होती.

एका रविवारी जेवताना चेतना म्हणाली, "आई, तू बस ना."

"तुमचं होऊ दे. माझं आहे कढईत."

चेतनाला त्या दिवशी माझ्यात भात कालवून खायची लहर आली होती. ती उठली, ओट्यापाशी आली आणि तिने झाकण काढलं. मग सांडशीने मला उचलून तिने थेट टेबलावर, बाबांच्या ताटासमोर ठेवलं.

"आई, यात कुठंय तुझं?"

माझ्या तळाशी तेलाचा ओघळ आणि एक करपलेली मिरची होती.

"अगं, टेबलक्लॉथ काळा होईल, उचल ती," विनया घाईने म्हणाली. "मला तशीही भूक नाहीये."

सगळ्या घरासमोर मी रिकामी पडले होते. पाहुणीने जळकी म्हटलं तेव्हाही मला इतकी लाज वाटली नव्हती. श्रीरंगने माझ्यात पाहिलं, मग स्वतःच्या भरलेल्या ताटाकडे पाहिलं.

"रोज असंच असतं?" त्याने विचारलं.

विनया बोटाने टेबलावरचा डाग पुसत राहिली. सुधन्वाने मान खाली घालून आपली भाजीची वाटी तिच्यापुढे सरकवली.

आता भाजी झाली की पहिली वाटी विनयाची भरते आणि तीही सगळ्यांबरोबर बसते. मित्रांनो, मला जपा, घासूनपुसून कोरडी ठेवा, हे तर मी म्हणेनच. पण तुमच्या घरी कोणी "माझं आहे कढईत" असं म्हणालं, तर विश्वास ठेवू नका. उठा आणि झाकण काढून बघा. मला बोलता येत नाही.