ओलं सोनं

सोन्याची रेघ ओढताना हात हलवायचा नसतो. कप चाकावर ठेवायचा, डाव्या हाताने चाक फिरवायचं आणि उजव्या हातातला ब्रश नुसता टेकवून धरायचा. रेघ कपाभोवती फिरून आपल्याच शेपटाला येऊन मिळते. मी हे तेराव्या वर्षी शिकले आणि पुढे एकतीस वर्षं बर्स्लेमच्या चिनीमातीच्या कारखान्यात हेच केलं.

त्या फेब्रुवारीत मालकांनी मला लंडनच्या उद्योगमेळ्यात नेलं. राजघराण्यातल्या डचेसबाई येणार होत्या आणि त्यांच्यासमोर कुणीतरी काम करून दाखवायचं होतं. माझ्या डोळ्यांत वर्षभर धुकं साचत होतं. ते फक्त विनीला ठाऊक होतं. ती शेजारी बसून माझ्या हातात कप द्यायची, ब्रश पुसायला पांढरं फडकं पुढे करायची. मॅनेजर टेलराइटना कळलं असतं, तर माझं स्टूल त्याच दिवशी दुसरीला गेलं असतं.

दहा वाजता आमच्यापुढे दोर बांधले. आता जागा सोडायची नाही, विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. पाठीला कपांची फडताळं, गुडघ्यांना चाक.

"विने, मला बाहेर जायचंय."

"दोराखालून रांगत जा. पेपरात फोटो येईल."

"चेष्टा नको गं. बाई जवळून बघणार."

"कपाकडे बघणार, हेस्टर. तुझ्या डोळ्यांकडे कोण बघतंय?"

बूट वाजत जवळ आले आणि थांबले. मी कप चाकावर ठेवला, नखाने टिचकी देत देत मधोमध आणला. डगमग नखाला कळते, त्याला डोळे लागत नाहीत. ब्रश टेकवला. रेघ जुळली, हे ब्रशच्या ओढीवरून समजलं. मी श्वास सोडला.

तेवढ्यात कपाकडे काहीतरी पांढरं आलं. भट्टीत जाईपर्यंत हे सोनं काकवीसारखं तपकिरी असतं आणि नुसत्या स्पर्शाने फिसकटतं. मी त्या पांढऱ्यावर चापट मारली.

"फडकं मागे घे गं. ओलंय ते."

फडक्यात बोटं होती.

"चूक माझीच," एक अनोळखी आवाज शांतपणे म्हणाला. "हातमोजा वाचवलात माझा. मला बारा जणांचा चहाचा सेट हवा. रेघा मात्र याच बाईंच्या हातच्या."

बूट पुढे गेले. टेलराइट माझ्या कानाशी वाकले.

"हेस्टर, ही बोटं किती?"

विनी दोनदा खोकली.

"दोन, साहेब."

"विनीला खोकला कधीपासून?"

मी ब्रश पुसायला फडकं चाचपलं.

"आजच घरी पाठवलं असतं तुला," ते म्हणाले. "पण पेपरवाले नाव लिहून घेऊन गेले. सेट पुरा होईपर्यंत या स्टुलावरून उठायचं नाही. एकही रेघ वाकडी चालणार नाही."

"आणि सेट झाल्यावर, साहेब?"

ते मागच्या फडताळातले कप सरळ करत राहिले. मला नुसती किणकिण ऐकू येत होती.

दोर अजून तसेच होते. मी हात पुढे केला. विनीने त्यात दुसरा कप ठेवला.