त्या माणसाचा विमा

माझा मामा होस्की म्हणजे हट्टाचा पुतळा. आमच्या कुळात साधी माणसं तशीही कमीच, पण ह्याच्यापुढे बाकीचे सगळे हात टेकतात.

गेल्या महिन्यात गॅलप गावच्या सरकारी दवाखान्यातला डॉक्टर त्याला म्हणाला, "हृदयाची नळी तुंबलीय. अल्बुकर्कीच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन मोकळी करून घेतली नाही, तर कुठल्याही दिवशी खेळ संपेल." मी ते आमच्या नवाहो आदिवासींच्या बोलीत जमेल तेवढं मऊ करून सांगितलं. तरी मामानं टोपी उचलली आणि तो चालता झाला.

गाडीत बसल्यावर माझ्यावरच भडकला. "तो माणूस माझं मरण तोंडानं बोलावत होता, व्हर्ना! आणि तू त्याला तोंड उधार दिलंस?"

आता डॉक्टरची ह्यात चूक नाही, आणि मामाचीही नाही. आमच्यात माणसासमोर त्याच्या वाइटाचं बोलत नाहीत. बोललं की ते घर शोधत येतं. मी कॉलेज शिकलेली, पण मीसुद्धा कुणाला 'पडशील' म्हणत नाही, 'सांभाळून' म्हणते.

त्याला दुसरी धास्ती होती ती बिलाची. मामा शाळेत बॉयलर सांभाळतो, म्हणून शाळेचा विमा आहे. पण तिथला एक जण मोठ्या दवाखान्यात गेला आणि परत आल्यावर त्याला पिकअप विकावा लागला. मामाच्या डोक्यात ते पक्कं बसलं होतं. "मी तिकडे झोपणार, आणि इकडे माझ्या मेंढ्या बाजारात उभ्या राहणार. नको मला."

मी रोज सकाळी उठले की आधी त्याच्या धुराड्याकडे बघायची. धूर दिसला की मगच कॉफी घशाखाली उतरायची. आई गेल्यापासून हा एक मामाच तर उरलाय मला.

शेवटी विमा कंपनीचे कागद घेऊन त्याच्या घरी गेले. सरकारचा नियम आहे, विम्यात काय बसतं आणि काय नाही ते कंपनीनं साध्या भाषेत, मोजक्या पानांत लिहून द्यायचं. म्हटलं, झालं काम! मामा मटणाचा रस्सा आणि भाकरी घेऊन बसला होता. मी भडाभडा सांगायला लागले. "मामा, तुला दवाखान्यात ठेवावं लागलं तर, तुझा पाय मोडला तर, तुला अँब्युलन्समधून न्यावं लागलं तर..."

मामानं वाडगा बाजूला सारला. "पोरी, माझ्याच घरात, माझ्याच जेवणावर? तुझ्या आईनं हेच शिकवलं का तुला?" आणि तो मेंढ्यांकडे निघून गेला.

मी दीडशहाणी! कपाळावर हात मारला आणि पानं उलटत बसले. तेवढ्यात शेवटी एक ओळ दिसली, चक्क आमच्या बोलीत. नवाहोत मदत हवी असेल तर ह्या नंबरावर फोन करा. हाही नियमच. जिथे इंग्रजी धड न येणारी आमची माणसं खूप, तिथे कंपनीनं आमच्या बोलीत समजावून सांगायचं. मी फोन लावला. लुएला नावाची एक पोक्त बाई बोलायला आली. मी तिला सगळं सांगितलं, घडाघडा, रडत रडत.

"मामाला आत बोलाव," ती म्हणाली. "आणि तू तोंड बंद ठेव."

मी फोनचा स्पीकर लावून ठेवला. मामा आला, पण कोपऱ्यात तोंड फिरवून बसला. लुएलानं विम्याचा 'वि'सुद्धा काढला नाही. रीतीप्रमाणे आधी आपली कुळं सांगितली. आईकडून चिखलवाले, बापाकडून मीठवाले. ते ऐकताच मामाची मान वळली. आम्ही मीठवाले! आमच्यात कूळ आईकडून येतं, म्हणून तिचा बाप मामाच्या मामाच्या जागी.

"म्हणजे तू माझी मामेबहीण लागतेस," मामा म्हणाला.

"मग काय! आतेभावा, तूच का तो, भाचीवर रुसून मेंढ्यांत जाऊन बसणारा?"

"मेंढ्या निदान कमी बोलतात."

"त्यांना तुझा स्वभाव ठाऊक असेल."

मामा हसला! आतेमामे भावंडांत असली थट्टा चालतेच आमच्यात, पण महिनाभरात मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. लुएला सावकाश पुढे म्हणाली, "माझ्यासमोर सरकारी नमुन्याचा कागद आहे. ह्यात काही लोकांच्या गोष्टी आहेत. एक बाई बाळंत होते. एका माणसाला साखरेचा आजार. एकीचा पाय मोडलाय. कुणाला किती भरावं लागलं ते लिहिलंय."

"साखरवाला कुठल्या कुळातला?" मामानं विचारलं.

"कूळ लिहिलेलं नाही. गोरा असावा बिचारा."

मामानं खुर्ची फोनजवळ ओढली. जरा वेळानं म्हणाला, "हृदयाची नळी तुंबलेला कुणी आहे का त्यात?"



"कागदावर नाही," लुएला म्हणाली, "पण असा एक माणूस मला ठाऊक आहे. शाळेत कामाला आहे. तो अल्बुकर्कीला जातो, कंपनीच्या यादीतल्या दवाखान्यात. त्याचा डॉक्टर कंपनीकडून आधी परवानगी घेतो. तो माणूस आपला वाटा भरतो, पण वर्षाच्या वाट्याला हद्द असते. हद्द संपली की विम्यात बसणारा पुढचा खर्च कंपनीचा. ती हद्द इथे ठळक छापलीय." तिनं आकडा सांगितला.

मामा बोटांवर काहीतरी मोजत राहिला. "हप्त्याहप्त्यानं चालेल त्याला?"

"दवाखान्याला विचारायला हवं. बरेच दवाखाने देतात."

"मग मेंढ्या राहतात त्याच्याकडे?"

"राहतात. आणि त्या माणसाचं पुढे चांगलं होतं, आतेभावा. तो घरी येतो, बॉयलर पेटवतो, भाचीला ओरडतो."

मामा म्हणाला, "बरा आहे तो माणूस." लुएलाचे आभार मानून त्यानं स्वतःच फोन ठेवला, रस्सा पुन्हा चुलीवर चढवला आणि एवढ्या दिवसांनी पोटभर जेवला. माझ्या छातीवरचा दगड उतरला. मी भाकरी मोडत होते, पण डोळ्यांतल्या पाण्यानं मला ती धड दिसत नव्हती.

हात धुऊन मामानं खुंटीवरची टोपी काढली, झटकली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "त्या माणसाची भाची सोडायला येईल का त्याला अल्बुकर्कीला?"

"येईल की, मामा," मी म्हणाले. "आणि घेऊनही येईल."