तारा वरून, की खालून?

“जमिनीखालून न्या म्हणे! जमीन कुणाची जाते, ते विचारलं का त्या बाईनं?” थोरली बांधावरून ओरडली. ती बाई म्हणजे तिची धाकटी जाऊ. चार पावलांवर वांगी खुरपत होती. पण थोरली बोलत होती ती म्हशीशी. दोन दिवस दोघींचं बोलणं असं म्हशीमार्फतच चाललं होतं.

धाकटीनंही मान वर केली नाही. “म्हशे, सांग तिला. तारा वरून गेल्या तर मनोरा माझ्या वांग्यात येतो. माझं वावर आहेच केवढं? मी काय मनोऱ्याच्या शेंड्यावर वांगी लावू?”

“आणि खालून गेल्या तर माझी बावीस लिंबं जातात, त्याचं काय? केबलवर झाड ठेवत नाहीत. सात वर्षं घागरीनं पाणी घातलंय मी!”

विजेची मोठी लाइन शिवारातून जाणार होती. वरून की खालून, एवढंच ठरायचं होतं. गाव ‘खालून’च्या बाजूनं. सुतार सगळ्यांत पुढं. “वरच्या तारा पावसाळ्यात गुणगुणतात. माणसाचं डोकं फिरतं,” तो सांगत सुटला. केबल पुरायचा चर थोरलीच्या बागेतून जाणार म्हटल्यावर त्याच्या बापाचं काय जात होतं!

त्याच संध्याकाळी थोरलीनं बागेतल्या मोजणीच्या खुंट्या उपटून चुलीत घातल्या. सकाळी वीजवाल्यांचा चष्मेवाला साहेब आला.

“खुंट्या कुठं गेल्या?”

“म्हशीनं खाल्ल्या.”

“लाकडाच्या?”

“भुकेली होती.”

धाकटीला हसू आवरेना. विळा टाकून ती बांधाशी आली. साहेबानं कपाळाला हात लावला आणि जीपच्या टपावर नकाशा पसरला. थोरलीही वाकली. बागेच्या कडेनं दोन जाड रेघा शेजारी-शेजारी गेल्या होत्या.

“हे काय?”

“गाडीरस्ता. अकरा मीटर रुंद.”

“अकरा? अहो, समोरून सायकल आली तर ट्रॅक्टर मागं घ्यावा लागतो आम्हाला!”

“मग उरलेला रस्ता गेला कुठं, ते तुम्हीच सांगा.”

उरलेला रस्ता कुठं गेला ते थोरलीला पुरतं ठाऊक होतं. तिच्या गोठ्याची अख्खी भिंत त्यात होती. स्वतः माती तुडवून उभी केलेली. धाकटीनंही आपल्या कुंपणाकडं एकदा चोरून पाहिलं.

“जाऊबाई,” धाकटी हळूच म्हणाली. दोन दिवसांत पहिल्यांदाच मधे म्हैस नव्हती. “चर रस्त्यातून गेला, तर तुझी लिंबंही राहतील न् माझी वांगीही.”

“आणि गोठा?”

“गोठा पुन्हा बांधता येतो. मी माती तुडवीन.”

शाळेच्या ओसरीवर बैठक भरली. “चर रस्त्यातून न्या,” थोरली उभी राहून म्हणाली. रस्ता खाल्ला नाही असं एक घर नव्हतं. सुतार खाकरला. त्याची शेड तर निम्म्याहून जास्त रस्त्यातच होती.

“तसं बघितलं तर... वरच्या तारांचा फारसा त्रास नसतो म्हणतात,” तो म्हणाला.

“गुणगुणायच्या थांबल्या का रे?” थोरलीनं विचारलं, आणि ओसरी हसून लोळली. हसू ओसरल्यावर ती म्हणाली, “उद्या पहिली माझी भिंत पाडते. मग बघू कोण मागं राहतंय.”

दुसऱ्या दिवशी पहिली पहार तिनंच मारली. मग धाकटीनं दुसरी पहार उचलली. दोघींचे नवरे इतके दिवस कुणाचीच बाजू न घेता चहा पीत बसले होते. तेही कुदळी घेऊन आले. दुपारपर्यंत कुंपणं हलायला लागली. सुताराची शेड हलली आठव्या दिवशी, शिव्या देत.

चर रस्त्यातून गेला. गाव दोन महिने गुडघाभर चिखलातून चाललं आणि रोज थोरलीचा उद्धार करत राहिलं. मग केबल पुरली, माती दाबली, आणि दोन ट्रॅक्टर शेजारून जातील असा रस्ता मोकळा झाला.

पंधरवडाही गेला नसेल. सुतारानं दारापुढं रस्त्यावर चार फळ्या रचल्या. वाळायला म्हणे. थोरली फळ्यांवर जाऊन बसली, धाकटीलाही हाक मारून बसवलं, आणि दोघी निवांत मटार सोलू लागल्या. ऊन डोक्यावर आलं तेव्हा सुतार बाहेर आला.

“उठा आता. नेतो आत.”

“सगळ्या?”

“सगळ्या,” सुतार म्हणाला. तेव्हा कुठं दोघी उठल्या.