सड्यांच्या बाजूने

ईस्टरच्या सोमवारी फ्रान्समधल्या व्हर्लांकूर गावात दोनच जाती उरतात, लग्नवाले आणि सडे. लग्नवाल्यांनी कोंडा भरलेला तो जड चामडी चेंडू चर्चच्या भिंतीला टेकवायचा, सड्यांनी गिरणीच्या फाटकाला. मधल्या चिखलात ढकलाढकली, शिव्या, सगळं माफ. सातआठशे वर्षं हे चालत आलंय म्हणतात. त्यातली एक्केचाळीस तरी फिर्मां लग्नवाल्यांकडून खेळला होता, आणि समोरच्या पोरांना 'सडाफटिंग' म्हणून मनसोक्त चिडवत आला होता.

जानेवारीत त्याची बायको ओदील गेली. विधुराबद्दल गावाचा नियम साधा, घरी बायको नाही तो सडा.

"एवढं वर्ष राहू दे मला तुमच्यात," तो अशीलला म्हणाला. अशील खाटीक, लग्नवाल्यांचा म्होरक्या, त्याचा लहानपणचा दोस्त.

अशीलने मान खाली घातली. "माझ्या हातात असतं तर नाही म्हणालो असतो का? माझा बाप विधुर झाला तेव्हा मीच त्याला पलीकडे नेऊन उभा केला होता. घरी बस हवं तर. कुणी नावं ठेवणार नाही."

पण त्या स्वयंपाकघरात बसणं फिर्मांला जमत नव्हतं. दोन खुर्च्या, आणि एकीवर बसायचं. तो गिरणीच्या बाजूला जाऊन उभा राहिला. साठी उलटलेला माणूस, आजूबाजूला नुकती मिसरूड फुटलेली पोरं.

"या फिर्मांकाका," गातियां म्हणाला. हा सड्यांचा म्होरक्या, बोव्हे शहराच्या संघात रग्बी खेळणारा. "आमचा रग्बी या खेळाचाच नातू, ठाऊक आहे ना?"

"नातू लाडावलेला आहे. त्याला पंच लागतो, शिट्टी लागते," फिर्मां म्हणाला. पोरं हसली. त्यालाही जरा बरं वाटलं.

गावात सगळ्यांत अलीकडे लग्न झालेल्या नवरीने चेंडू फेकला आणि माणसांचा ढीग झाला. पाऊण तास तो ढीग जागचा हलेना. फिर्मां तळाशीच होता. कुणाचं कोपर बरगडीत, तोंडात माती. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या डोक्यात काही म्हणजे काही नव्हतं. आणि अचानक चेंडू त्याच्या पोटाशी आला. त्याने तो कवटाळला, दोघांच्या पायांमधून सरपटत बाहेर पडला आणि जिवाच्या आकांताने पळत सुटला.

"काका, इकडे! इकडे!" मागून ओरडा झाला. त्याला वाटलं, पोरं नेहमीसारखी फसवतायत. समोर उभे असलेले दोघे लग्नवाले त्याला अडवायचं विसरून बाजूला झाले. त्याने चेंडू भिंतीवर दाणकन आपटला आणि हसत उजवीकडे वळून पाहिलं. तिथे बायका उभ्या राहतात.

बायका होत्या, ओदील नव्हती. तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं, भिंत चर्चची होती.

गातियां धापा टाकत आला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. पण पोराने नुसता त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आमच्या रग्बीत जर्सी असते, काका. आपण कुणाकडचे ते अंगावरच दिसतं. इथे कोण चुकणार नाही?"

अशील पुढे आला. "हा डाव धरायचा नाही. चेंडू पुन्हा टाकू."

"धर," फिर्मां म्हणाला. त्याच्या गालावरच्या चिखलात पाण्याच्या दोन रेघा उतरल्या होत्या, आणि दफनाच्या दिवशीही कोरडा राहिलेला हा माणूस त्या पुसत नव्हता. "तुमचाच आहे तो. मी तुमच्यासाठीच पळालो."

मग तो गातियांकडे वळला. "माफ कर, पोरा. पाय अजून तिचे आहेत. पुढच्या ईस्टरपर्यंत फाटकाकडे पळायला शिकतो."

सगळ्यांच्या देखत मैदान ओलांडून तो गिरणीकडे चालत गेला आणि सड्यांमध्ये आपल्या जागी उभा राहिला.