जैनबचं पातेलं

सायीवर एक चारोळी चिकटून बसली होती… कालपासून तिथंच, जराही बुडाली नव्हती. थंडीनं साय इतकी घट्ट धरली होती की पातेलं तिरकं केलं तरी हलेना, आणि लीलाबाई कोठीत उकिडवी बसून ते पुन्हापुन्हा तिरकं करून पाहत होती. खीर नासलेली असली तर बरं होईल, असं तिला वाटत होतं. नासलेली खीर टाकायला कुणाला काही वाटत नाही. पण संक्रांतीच्या थंडीत दूध कसलं नासतंय! तिनं नाक जवळ नेलं. वेलदोडा, तुपात परतलेलं खोबरं, खजूर… खीर अगदी चांगली होती.

आणि साखर. लढाई संपली तरी रेशन संपलं नव्हतं, आणि जैनबनं घरच्या चहाची साखर या पातेल्यात ओतली असणार, हे लीलाला न सांगता कळत होतं.

जैनब म्हणजे पीरमहंमद अत्ताराची बायको. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान, हळद-कुंकू, अष्टगंध, उदबत्त्या, अत्तराच्या कुप्या. पेठेतल्या साऱ्या सवाष्णींच्या कपाळावरचं कुंकू तिथलंच. लीलाही घरच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या खरेदीसाठी तिथंच गेली होती, आणि कुंकवाची पुडी बांधून होईपर्यंत पडद्याआड उभ्या असलेल्या जैनबला अमेरिकेच्या गोष्टी सांगत बसली. तिला ती खोडच होती. तिचे यजमान लालासाहेब शेतकीचं शिकायला अमेरिकेत आयोवाला गेले तेव्हा ही बरोबर होती, आणि तिथून परत येऊन सात वर्षं झाली तरी तिच्या बोलण्यातून अमेरिका काही परत आली नव्हती. तिकडे मेळाव्याला यजमानीण एकटी रांधत बसत नाही गं, प्रत्येकीनं आपल्या घरचा एक पदार्थ आणायचा, सगळे एका मेजावर मांडायचे, ज्याला जे हवं त्यानं ते घ्यायचं. मीही यंदा तसंच करणार आहे. तुझ्या घरचंही काही येऊ दे!

'येऊ दे' असं ती म्हणाली होती. 'ये' असं म्हणाली नव्हती… हे तिच्या आत्ता लक्षात आलं.

जैनब काल दुपारी मागच्या दारानं आली. "मी कशाला बाई, एवढ्या बायांच्यात? पर ह्ये ठेवा. शेवया हातच्या हायेत," एवढं बोलून गेलीसुद्धा. लीलानं पातेलं स्वतः मेजावर नेलं, मधोमध ठेवलं, तिळाच्या वड्या आणि गुळपोळ्या बाजूला सारून. छान दिसत होतं. मन अगदी भरून आलं होतं तिचं, आपण काहीतरी करतो आहोत असं वाटून. मग फाटकाशी धोंडुबाई पाटलिणीचा आवाज आला. उसाच्या पैशावर सांगलीत बंगला बांधलेली, सगळ्या बायका जिच्या भुवईकडे पाहून बोलतात ती धोंडुबाई… आणि लीलाच्या हातांनी पातेलं उचललं. हो, हातांनीच म्हणायचं. विचार करायला वेळच झाला नाही. पातेलं कोठीत गेलं, वर दुरडी पालथी पडली, आणि लीला पदर सारखा करत दारात हसतमुखानं उभी राहिली.

कुणी काही बोललं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं. मी कुणाच्या बोलण्याची वाट पाहिलीच नाही!

आणि मग भाषण केलं. 'अमेरिकेतले मेळावे, कालचे आणि आजचे.' विषय तिचा तिनंच ठरवला होता. एखाद्याचं धान्याचं कोठार बांधायचं तर आसपासचे सगळे कसे जमत, मक्याची कणसं सोलायला रात्र रात्र कसे बसत, बायका एकाच गोधडीला चहूबाजूंनी टाके घालत गप्पा कशा मारत… अगदी आपल्या इर्जिकीसारखं, सगळ्यांनी मिळून एकाचं शेत नांगरून द्यावं तसं. बायकांनी माना डोलावल्या. पलूसच्या माहेरच्या रानात इर्जिक झाली की बादशहा मुलाणीही आपली जोडी घेऊन यायचा, हेही तिनं सांगितलं. तो आपली भाकरी बांधावर वेगळा बसून खायचा, हे मात्र सांगितलं नाही. आणि आयोवातल्या शेजारणीनं, म्हाताऱ्या मिसेस हॅन्सननं जे सांगितलं होतं, तेही गाळलं. म्हातारी म्हणाली होती, तेव्हा कामाला माणसं लागत, म्हणून शेजारी कोण बसलाय हे बघून चालत नसे. मग यंत्रं आली, मोटारी आल्या, घरोघरी रेडिओ आला, शेजाऱ्यावाचून अडेनासं झालं, आणि आता आम्ही ज्याला त्याला निवडून बोलावतो, आपापलं चर्च, आपापली माणसं. हे सांगितलं असतं तर भाषणाची गोडी गेली असती. टाळ्या पुष्कळ पडल्या.

"आवं बाईसाब, ह्ये तसंच ऱ्हायलंय की!" साळूबाई केरसुणी घेऊन दारात उभी होती. घरात कामाला येऊन तिला कित्येक वर्षं झाली होती, तिच्यापासून काही लपत नसे. "कुनी खाल्लं न्हाई व्हय?"

"राहून गेलं."

"ऱ्हाऊन कसं जाईल? मेजावर तर दिसलं न्हाई."

"तू नेतेस घरी?"

"मी? न्हाई बा. सासू उंबऱ्याच्या आत घेनार न्हाई." मग आवाज बारीक करून ती म्हणाली, "म्हशीला घालू?"

लीलानं होकारार्थी मान हलवली. साळूबाई बादली आणायला गेली, आणि तेवढ्यात लीलानं शेवटी चमचा घेतला. दाराकडे पाठ करून, उभ्या उभ्या. आयोवात तिनं ताटात आलेलं कशाचं आहे म्हणून विचारलं नव्हतं. तिथं मी कोण होते, कुणाची सून होते, हे कुणाला माहीत होतं? इथं भिंतीसुद्धा ओळखतात. खीर इतकी सुरेख झाली होती की डोळ्यांत पाणी आलं. दुसरा चमचा घ्यावासा वाटला… आणि बादलीची कडी वाजली तसा तिनं चमचा पदराखाली लपवला. चोरी करून खाल्ल्यासारखा तो घास घशाखाली उतरला. आपल्या घरात, आपल्या कोठीत, एवढं लपून! लाज वाटली, नुसती लाज.

म्हशीनं खीर एका दमात संपवली.

पातेलं घासायला ती साळूबाईला देईना. स्वतःच मोरीत बसली. राखेनं घासलं, तरी तूप गेलं नाही असं वाटलं, मग विटेची भुकटी घेतली आणि घासतच राहिली. मनगट दुखायला लागलं. एक गोष्ट आठवायची नाही असं ती सकाळपासून ठरवत होती आणि तीच नेमकी भुकटीच्या खरखरीबरोबर वर येत होती. चर्चच्या तळघरातलं ते लांब मेज, आणि त्यावर तिनं नेलेलं, तिच्या हातच्या पुरणाचं भांडं. कुणी घेतलं नव्हतं. मग गाणी झाली, प्रार्थना झाली, आणि निघताना मिसेस हॅन्सननं भांडं तिच्या हातात दिलं, रिकामं, साबणानं धुतलेलं, लख्ख. "सगळं संपलं बरं!" किती वर्षं ती या आठवणीवर जगली होती. कालच्या भाषणातही, माझं पुरण त्यांनी बोटं चाटून खाल्लं, असं तिनं सांगितलं होतं… त्या तळघरालाही मागचं दार होतं. मागं कुणाच्या तरी शेतातली डुकरं होती. पुरण कुठं गेलं, ते तिला आज, मोरीत बसून, कळलं.

हात थांबले तेव्हा पातेल्याच्या तळाशी कल्हई उडून रुपयाएवढं तांबं लालबुंद दिसत होतं.

रिकामं भांडं परत देऊ नये, म्हणून तिनं त्यात तिळाच्या वड्या घातल्या, त्या जागेवर जरा जास्तच. जैनब दुकानामागच्या खोलीत तांदूळ निवडत बसली होती. लीलाला पाहून ती लगबगीनं उठली.

"खाल्ली का वो बायांनी?"

"बोट लावायला उरली नाही."

जैनबचा चेहरा असा फुलला की लीलाला तिच्याकडे बघवेना. "अम्मा, सुनो!" तिनं आत सासूला हाक मारली, "सब खतम हुई!" मग लीलाचा हातच धरला. "आवं, मी म्हनलं, आपल्या हातचं कोन खातंय! रातभर झोप न्हाई. मग फुडल्या साली मी बी येती. आं? मागं बसंन, पर येती."

"ये की," लीला म्हणाली. पण ते शब्द तोंडातून यायला उशीर झाला. अगदी थोडाच. जैनब ताटात वड्या काढून घेत होती, तिचं बोट तळाच्या लाल ठिपक्यावरून फिरलं. तिनं वर पाहिलं नाही.

"लय घासलंसा बाई," ती हळू म्हणाली. "कल्हई उडाली की वो… असू दे, असू दे. ह्यांस्नी सांगून करून घेऊ." आणि तिळाची वडी तोंडात घालून, "गोड झाल्यात," असंही म्हणाली.

तिला कळलं का? परत येताना लीलाचं दुसऱ्या कशात लक्ष नव्हतं. कळलं नसेल तर मी तिला फसवलं. कळलं असेल तर तिनं मला सांभाळून घेतलं, माझीच खीर म्हशीला गेल्यासारखं… कुठलं जास्त वाईट, तिला ठरवता येईना. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, पुढच्या वर्षी हळदीकुंकू करायचंच नाही, हा विचार तिच्या मनात येऊन गेला होता आणि त्यानं तिला हलकं वाटलं होतं.

देवळाच्या कोपऱ्यावर धोंडुबाई भेटली.

"आवं लीलाबाई, काल भाषान लय ग्वाड झालं बगा! पर ती अत्तारीन खीर देनार हुती न्हवं? दुकानात मलाच म्हनली हुती, शेवया वळतीया म्हनून. मी आपली मेजावर हुडकत बसले. त्यांच्यातल्या खिरीचं नाव लय ऐकून हाय, म्हनलं एकदा खाऊन तर बगू."

"ती… तिला जमलं नाही," लीला म्हणाली.

"आसं व्हय. बरं, फुडल्या येळी." धोंडुबाई देवळात गेली.

आता बोलायला काय जातं, लीला मनाशी म्हणाली. मेजावर असती तर बोटही लावलं नसतं हिनं. एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं असतं. तिनं धोंडुबाईचा तो चेहरा डोळ्यांसमोर आणून पाहिला, मुरडलेलं नाक, उचललेली भुवई… पण मघाची धोंडुबाईच पुन्हापुन्हा दिसायची, मेजावर खीर शोधणारी. खोटं बोलली असेल ती. देवा, खोटंच बोललेली असू दे… लीला गल्लीत थांबली. आपण देवाजवळ काय मागितलं, हे तिच्या ध्यानात आलं होतं, आणि तरी ते मागणं काही केल्या मागं घेता येत नव्हतं.