आईच्या नावाची बोट

मी एक बोट बोलतेय. खरं तर तोंड वर करून बोलावं अशी माझी लायकी राहिलेली नाही, पण तुम्ही धक्क्यावर थांबलाच आहात तर ऐका. फ्रान्समधल्या सोन नदीच्या काठी, सँ-जाँ-द-लोन गावाच्या पायऱ्यांना मला बांधून ठेवलंय. रंग पांढराशुभ्र, कड्या पितळेच्या, वर निळं छत आणि छताखाली वेताच्या खुर्च्या. येणारे-जाणारे माझे फोटो काढतात. माझा जीव मात्र शरमेनं अर्धा होतो.

मी अशी जन्मले नव्हते. उत्तरेकडच्या एका कारखान्यात मला घडवलं ते कोळसा, वाळू आणि गहू वाहायला. अमेदे नावाच्या नावाड्यानं मला बांधून घेतलं तेव्हा त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. त्यानं हौसेनं माझ्या पुढच्या टोकाला लोखंडी अक्षरं जोडून घेतली: 'लेओंतीन'. ते त्याच्या बायकोचं नाव. बाकीच्या नावाड्यांनी त्याला सळो की पळो करून सोडलं. "काय रे अमेदे, घरात एक लेओंतीन पुरत नाही होय?" तो म्हणायचा, "एक मला हाकते, दुसरीला मी हाकतो. हिशेब बरोबर!"

प्रत्यक्षात मला हाकायची लेओंतीनच. सुकाणू तिच्या हातात, दोरखंड अमेदेच्या. त्यांचा मुलगा रेजिस माझ्या मागच्या खोलीत जन्मला. माझ्या पोटात वाळू भरलेली, पुढे बोटींची रांग, सुईण काठावरून हाका मारतेय आणि आत हा टाहो फोडतोय. त्याचा पाळणा मीच हलवला. तेवढी एक गोष्ट आजही मी अभिमानानं सांगते.

नावाड्यांची मुलं शिकायला काठावरच्या वसतिगृहात राहतात. रेजिसही गेला. तिथली पोरं त्याच्या शेजारी बसताना नाक दाबायची, कारण त्याच्या कपड्यांना कोळशाचा आणि डिझेलचा वास यायचा. तो वास माझा होता. सुट्टीत आला की तो तासन्‌तास अंग घासत बसायचा. लेओंतीन म्हणायची, "अरे, कातडी निघेल! सोड ती घासणी." तो आणखीच जोरानं घासायचा. पुढे सुट्टीतही येईनासा झाला.

तो लिओं शहरात घरांची दलाली करू लागला आणि चांगला नावारूपाला आला. अमेदे गेला. माल रस्त्यानं जाऊ लागला, माझ्या बरोबरीच्या बोटी एकेक करून भंगारात निघाल्या. लेओंतीननं मला रेजिसच्या नावावर केलं आणि म्हणाली, "हिला मोडीत घालू नकोस. उन्हाळ्यात मला हिच्यावरनं एक फेरी मारून आण, मग माझं काही मागणं नाही." मग ती इथे, सँ-जाँमध्ये, म्हाताऱ्या नावाड्यांच्या वस्तीत एका खोलीत राहायला आली.

रेजिसनं मला मोडीत घातलं नाही. त्यानं मला मधोमध कापलं. पोटाचा मोठा तुकडा काढून टाकून उरलेली दोन टोकं जोडली, गव्हाच्या जागी दिवाणखाना केला आणि आईच्या नावाची अक्षरं यंत्रानं खरवडून काढली. वर नवं नाव रंगवलं, 'अझ्युर'. मित्रांना त्यानं सांगितलं, "हॉलंडहून आणवली."

मग आमचे उन्हाळे सुरू झाले. माकाँला थांबायचं, वाइनच्या पेट्या चढवायच्या. तुर्न्यूला थांबायचं, मठ बघायचा, बाजारातून बकरीच्या दुधाचं चीज आणायचं. पाहुणे बदलायचे, पण "अहाहा, काय शांतता!" हे सगळे मोठ्यानं ओरडूनच म्हणायचे. शालाँ आलं की रेजिस मला माघारी वळवायचा. त्याच्या पुढे सँ-जाँ होतं. आईला फोन करायचा, "यंदा नाही जमत गं, इंजिन बिघडलंय." मी ठणठणीत, पण त्याच्या बोलण्यात जन्माची आजारी. आणि ती बिचारी पलीकडून मलाच जपायला सांगायची. तेव्हा वाटायचं, खरंच बंद पडावं.

गेल्या उन्हाळ्यात कोर्बिए पती-पत्नी पाहुणे होते. मस्यू कोर्बिए मोठे वकील. बाईंनी हट्टच धरला, "सँ-जाँला जाऊ या ना! तिथे म्हणे अस्सल नावाडी राहतात." रेजिसनं पाणी कमी आहे म्हणून बघितलं, जागा मिळणार नाही म्हणून बघितलं. बाई काही बधल्या नाहीत.

या गावच्या धक्क्यावर म्हातारे नावाडी बाकांवर बसलेले असतात आणि आलेली प्रत्येक बोट कशी लागते यावर निकाल देतात. तेच त्यांचं कामकाज. आम्ही काठाला आलो. रेजिसनं टोपी डोळ्यांवर ओढली होती, पण दोरखंड हातात आल्यावर हाताला कोण आवरणार? त्यानं न बघता तो फेकला आणि फास पहिल्या फेकीत खुंटावर बसला.

बाकावरचा इपोलीत म्हातारा म्हणाला, "वा! शहरी साहेबाचा हात बरा नावाड्याचा दिसतोय."

"आणि बोट कुठली म्हणायची?" दुसऱ्यानं विचारलं.

"हॉलंडची," रेजिस म्हणाला.

"असं का! हॉलंडात आता बोटींना आमच्याकडची नाकं बसवतात वाटतं," इपोलीत म्हणाला आणि सगळा बाक खदखदून हसला.

त्यांच्यामागून लेओंतीन आली. हातात पावाची पिशवी, पायांत कापडी सपाता. तिनं आधी मला पाहिलं. पायऱ्या उतरून आली आणि जिथे तिचं नाव होतं तिथे तिनं तळहात ठेवला. रंगाखाली खडबडीत लागतं अजून. ती तिथे हात फिरवत राहिली. पाण्यात उभी असूनही मला बुडायची सोय नव्हती.

मग तिनं वर पाहिलं. माझ्या काठावर रेजिस उभा, हातात वाइनचा पेला.

"ओळखीच्या का?" कोर्बिएबाईंनी विचारलं.

"नाही. गावातली कुणी म्हातारी असेल," रेजिस म्हणाला.

लेओंतीननं ते ऐकलं. बाईंनी तिला मोठ्या प्रेमानं वर बोलावलं. ती चढली आणि पाहुण्यासारखी खुर्चीच्या कडेवर टेकली. बाईंचं लक्ष माझ्या फळीत उरलेल्या एका जुन्या लोखंडी कडीकडे गेलं. "मघापासून विचारीन म्हणतेय, ही कशासाठी हो?"

नावाड्यांच्या घरात रांगतं मूल पाण्यात पडू नये म्हणून त्याच्या कमरेला दोरी बांधून ती अशा कडीत अडकवतात. रेजिस त्याच कडीभोवती चालायला शिकला.

"कुत्र्यासाठी," रेजिस म्हणाला.

मस्यूंनी लेओंतीनकडे पाहिलं. "खरं का, आजी?"

"खरंय की," ती म्हणाली. "साहेबांना बरोबर माहितीय. फार गुणी असतात कुत्री. हाक मारली की येतात."

तिनं पेल्याला हात लावला नाही. "येते, साहेब. बोट छान ठेवलीत तुम्ही," असं म्हणून ती उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाकावर इपोलीतशेजारी बसली होती. कोर्बिएबाई कॉफी ओतत होत्या. रेजिस रात्रभर जागा असावा, दाढीसुद्धा केली नव्हती. तो काठाशी आला आणि सगळ्यांदेखत त्यानं हाक मारली, "आई!"

बाईंच्या हातातली कॉफी सांडली. बाकावरचे म्हातारे लेओंतीनकडे बघू लागले.

लेओंतीननं मागे वळून पाहिलं, दुसऱ्याच कुणाला हाक असावी तसं. मग शांतपणे म्हणाली, "तुम्ही माणूस चुकलात, साहेब."

आदल्या दिवशी तिनं त्याची अब्रू राखली होती. आज ती रागावली होती. तिच्या रागाची ही तऱ्हा मला ठाऊक आहे; अमेदेवर चिडली की त्यालाही ती अशीच अहो-जाहो करायची. पण तो राग जेवणाच्या वेळेपर्यंत निवळायचा.

पाहुणे आगगाडीनं परत गेले. रेजिसनं मला इथून हलवलं नाही, स्वतःही माझ्यावरच राहिला. हिवाळा इथेच गेला, पुराचं पाणी आलं आणि ओसरलं. माझा पांढरा रंग आता पोपडे धरतोय, त्याचं मला काही वाईट वाटत नाही. लेओंतीन रोज सकाळी पाव घेऊन पायऱ्यांवरून जाते. तो उठून उभा राहतो, म्हणतो, "बोंजूर, आई." ती थांबते, मान लववते आणि म्हणते, "बोंजूर, साहेब. थंडी आहे, गळपट्टा घ्या."

तुम्ही गावात चाललाच आहात, तर तिला माझा एक निरोप सांगा. म्हणावं, लेओंतीन, मला त्यानं कापलं, मी काही बोलले नाही. तू त्याला हवं ते बोल, चारचौघांत कानफटात मार. पण एकदा त्याला अरे म्हण.