खडा टाकून पाहिला

ज्या डॉक्टरच्या गळ्यात नळी नाही, टेबलावर सुई नाही आणि जो साध्या गोळ्यासुद्धा देत नाही, तो माणसाला आठवड्याच्या आठवड्याला बोलावतो तरी कशाला? गव्हाणच्या महादेव घरतने याचं उत्तर पहिल्याच दिवशी शोधून ठेवलं होतं. दाखल्यासाठी. वेडा असल्याच्या दाखल्यासाठी.

त्याला कारणही होतं. शेजारच्या आळीतल्या दयारामला त्याच्या पोरांनी असंच "जरा तब्येत दाखवू" म्हणून गाडीत घालून नेलं, डोकं फिरल्याचं लिहून आणलं आणि महिन्याभरात त्याच्या जागेभोवती बिल्डरचे पत्रे उभे राहिले, असं गावात बोलत. यातलं खरं किती आणि नाक्यावरच्या पानटपरीने वाढवलं किती, हे कोणी तपासलं नव्हतं. महादेवला तपासायची गरजही वाटली नाही. मिठागरं भराव टाकून बुजवल्यावर उरलेला एक शेवटचा तुकडा त्याच्याही नावावर होता. मुलगा निकेश त्या तुकड्यापायी एका बिल्डरकडे खेपा घालत होता आणि बाप सही करत नव्हता. त्यात अंगणातून फोनवर बोलणाऱ्या निकेशचं वाक्य कानावर पडलं, "बाबांचं डोकं हल्ली ठिकानावर नाय." आता आणखी काय पुरावा हवा?

महादेव झोपत नव्हता, ताटातलं तसंच ठेवून उठत होता, चार-चार दिवस कोणाशी बोलत नव्हता, हे सगळं खरं. पण झोप न येणाऱ्या माणसाला झोपेची गोळी देतात, त्याला पनवेलला नेऊन खुर्चीत बसवत नाहीत, असं त्याचं मत होतं.

नेलं मात्र निकेशने नव्हे, सुनेने. मनिषा स्वतः गाडी चालवत होती. न्हावा शेवा बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरच्या रांगेतून तिने गाडी सफाईने काढली. महादेवने मनाशी म्हटलं, नवऱ्यापेक्षा ही पोचलेली आहे, ही गोड बोलून केसाने गळा कापील.

दवाखाना तळ्यासमोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर. दारावर अनुया नावाच्या बाईंची पाटी, खाली क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असं लिहिलेलं. बाई कसली, पोरगीच. तिने मनिषाला बाहेर बसवलं आणि दार लावून घेतलं. आत दोन खुर्च्या आणि मध्ये कागदी रुमालांचा डबा. इथे लोक रडतात वाटतं, महादेवने ताडलं, आणि आपण रडायचं नाही हे ठरवून टाकलं.

"काका, मी गोळ्या देणारी डॉक्टर नाही," अनुया म्हणाली. "गोळ्यांची गरज वाटली तर त्या डॉक्टरांकडे पाठवीन. इथे आपण बोलायचं, आठवड्यातून एकदा, पाऊण तास. मी प्रश्न विचारीन, पण उत्तर द्यायचं नसलं तर देऊ नका."

"आनि मी बोललो ते कुठं जातं?"

"कुठेही नाही. तुमच्या घरी मी काही सांगत नाही. एकच अपवाद आहे. तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर घरच्या कोणाला तरी सांगावं लागतं. ते आधीच सांगून ठेवते."

हां, इथे आहे मेख, महादेव मनात म्हणाला. दार बंद आहे म्हणायचं आणि खिडकी उघडी ठेवायची.

मग तिने संमतीचा कागद पुढे केला. महादेवने दोन्ही हात मांडीखाली घेतले. सह्या करकरूनच घरतांची मिठागरं गेली होती. तो म्हणाला, "सही नाय."

"नको तर नको. तोंडी हो म्हणालात असं मी लिहून ठेवते."

इतक्या सहज सोडते म्हणजे काहीतरी दुसरं धरणार, असं त्याला वाटलं. मग सुरू झाले प्रश्न. झोप किती लागते, भूक लागते का, दिवसभर काय करता, आज वार कोणता. प्रत्येक प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न लपलेला आहे असं धरून महादेव जपून उत्तरं देत राहिला. वाराच्या प्रश्नावर मात्र त्याचा तोल गेला. "मंगळवार. आनि मी शुद्धीवर हाय, लिवून ठेव."

तिने खरंच लिहून ठेवलं.

दुसऱ्या खेपेला महादेवने खडा टाकायचं ठरवलं. थोडं इकडचं तिकडचं झाल्यावर तो आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, कोनाला बोलू नका. तो जागेचा तुकडा मी पुतन्याला देनार हाय. हरेशला. निकेशला एक गुंठा नाय."

शुद्ध थाप होती. हरेशला तो आपली जुनी सायकलसुद्धा देणार नव्हता. पण ही बाई फुटली, तर रात्रीच्या जेवणाला निकेश थयथयाट करील हे नक्की. गव्हाणमध्ये सकाळी विहिरीवर बोललेलं दुपारपर्यंत उरणला पोचतं, मग ही तर दोन पावलांची गोष्ट. दार उघडायचं आणि बाहेर बसलेल्या सुनेच्या कानाला लागायचं.

रात्री काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी न राहवून महादेवनेच जेवताना विषय काढला. "हरेश दिसला नाय बऱ्याच दिवसांत."

"आसंल उलव्याला," निकेश म्हणाला आणि त्याने आणखी एक भाकरी मागितली.

निकेशला लहानपणापासून खोटं पचत नसे, कान लाल व्हायचे. महादेवने कान नीट पाहिले. ते नेहमीसारखेच काळे होते.

पुढच्या आठवड्यात मनिषाला माहेरी काम निघालं, म्हणून निकेश घेऊन गेला. वर पोचल्यावर तो म्हणाला, "बाबा, तुमी जरा बसा," आणि आधी स्वतःच आत शिरला. दार पुरतं लागलं नव्हतं. महादेव फटीजवळ सरकला.

"जागेबद्दल काय बोलतात का ते?" निकेश विचारत होता.

"ते तुम्ही त्यांनाच विचारा."

"मी त्यांचा मुलगा हाय, मॅडम."

"म्हणूनच त्यांना विचारू शकता. मी सांगू शकत नाही."

निकेश बाहेर आला तो तोंड वाकडं करून. म्हणजे जागेचा संशय काही फुकट गेला नव्हता. पोरगा वास काढत आलाच होता. पण आत बसलेली पोरगी त्याच्यात सामील नव्हती. मला ऐकू यावं म्हणून दोघांनी नाटक केलं असेल का, हेही महादेवने चाचपून पाहिलं. पण निकेशला एवढं नाटक जमणं शक्य नव्हतं. त्या दिवशी महादेव खुर्चीत बसला तेव्हा त्याने हात मांडीखाली घेतले नाहीत.

त्यानंतरच्या मंगळवारी पुन्हा मनिषा आली आणि बाहेर बाकावर बसली.

"ते हरेशचं खोटं होतं," महादेव आत गेल्या गेल्या म्हणाला.

"बरं."

"तुमाला कळलं होतं?"

"नाही. तुम्ही सांगितलंत तसं मी धरलं."

महादेवला लाज वाटली. घरात त्याचं खरं बोलणंही हल्ली कोणी धरत नव्हतं, आणि इथे त्याची थाप कोणीतरी जपून ठेवली होती. तो रुमालांच्या डब्याकडे बघत बसला. अनुयाने घड्याळाकडे पाहिलं नाही. तिला घाई नव्हती, हे त्याला प्रथमच नीट दिसलं.

"ती अट होती ना तुमची," तो शेवटी म्हणाला. "जिवाची. ती परत सांगा."

तिने पुन्हा सांगितली, तीच, त्याच शब्दांत. मग तिने सरळ विचारलं, "काका, जीव द्यावासा वाटतो का?"

या प्रश्नाच्या पोटात दुसरं काही नव्हतं. इतकं सरळ त्याला कोणी विचारलं नव्हतं, आणि सरळ विचारलेल्याला वाकडं उत्तर देणं त्याच्या जिवावर आलं.

"वाटतो. एकदा गेलोबी होतो. खाडीच्या बांधावर." तो पुढे म्हणाला, "मिठागर होतं तवा भरतीला जाग यायची. ती अजून येते. उठतो, आनि कशाला उठलो ते कळत नाय. घरात सगळं हाय, मॅडम. मीच जास्त हाय."

अनुया दचकली नाही. पुन्हा तसं वाटतं का, कधी वाटतं, हे तिने सावकाश विचारून घेतलं. म्हणाली, सांगितलंत हे फार बरं केलंत. गोळ्यांच्या डॉक्टरांना आता भेटायचंच, मी आजच बोलते, आणि काही दिवस घरात एकटं राहायचं नाही. मग म्हणाली, "आता अटीप्रमाणे घरातल्या एकाला सांगावं लागेल. कोणाला ते तुम्ही ठरवा. आणि सांगताना तुम्ही इथेच बसा. तुमच्या पाठीमागे काही होणार नाही."

महादेवने विचार केला. निकेशला सांगितलं तर तो घाबरेल, आणि घाबरलेला निकेश जागेचं काय होईल हे आधी बघेल. दुसरं होतं कोण? ज्या सुनेवर त्याचा सगळ्यात जास्त संशय, ती बाहेर बाकावर बसली होती.

"तिला बोलवा. पन मीच सांगतो."

मनिषा आत येऊन उभी राहिली, पदराचं टोक मुठीत धरून. महादेव तिच्याकडे न बघता बोलला. चार वाक्यं होती, त्यातली दोन अर्धीच राहिली.

"मना माहीत हाय," मनिषा म्हणाली.

महादेवने मान वर केली.

"त्या दुपारी मी बांधावर येऊन तुमाला हाक मारली. पाव्हणे आलेत, चला म्हटलं."

"हां."

"घरी कोन आलं होतं, बाबा?"

महादेव आठवू लागला. तो घरी आला होता, पाय धुतले होते. ओटीवर कोणी नव्हतं. आत्ताच गेले, असं मनिषा म्हणाली आणि तिने चहा दिला. त्याने तो प्यायला. वार कोणता या प्रश्नातही डाव शोधणाऱ्या माणसाने ते मात्र विचारलं नव्हतं, की एवढ्या लवकर गेलेले ते पाव्हणे होते तरी कोण.

"निकेशला बोललीस?"

"नाय. कोनालाच नाय बोलले. ते तुमचं होतं, तुमी सांगायचं. पन मना एकटीला झेपना. म्हनून इथं आनलं." तिचा आवाज फुटला. "तुमी दाराची कडी काढली की मी उठून बसते. तवापासून मीपन झोपले नाय, बाबा."

रडायचं नाही हे महादेवने ठरवलं होतं. ते टिकलं नाही. अनुयाने रुमालांचा डबा पुढे सरकवला, तो त्याने मनिषाकडे सरकवला. मग गुडघ्यावर हात टेकून तो उठला आणि आपली खुर्ची सुनेकडे वळवली.

"बाय," तो अनुयाला म्हणाला, "आजचा जो टाइम उरला हाय तो हिला द्या. मी बाकावर बसतो. दार उघडं ठेवा म्हंजे मी दिसंन हिला."